दुसरी प्रत मिळणार नाही

माणसाचा फोटो आणि माणूस यांचा एकमेकांशी काही संबंध असलाच पाहिजे असं ज्याला वाटत असेल, त्यानं चार दिवस बँकेत खातं उघडण्याच्या काउंटरवर बसावं. मी गेली वीस वर्षं बसतो आहे. १ जानेवारी १९९४ पासून नव्या खातेदाराचा फोटो घेतलाच पाहिजे असा रिझर्व्ह बँकेनं दंडक घातला, आणि या देशातल्या कारकुनाच्या टेबलावर डिंकाच्या बाटलीला शिक्क्याच्या बरोबरीचं स्थान मिळालं. फॉर्मवर चिकटलेला माणूस आणि काउंटरपुढे उभा असलेला माणूस यांच्यात, फार तर दोघे एकाच गावचे असावेत, इतपतच साम्य असतं. फॉर्मवरच्या माणसाच्या चेहऱ्यावर नुकतीच शिक्षा ठोठावल्याचे भाव असतात. समोरचा बिचारा नुसतं चेकबुक मागत असतो. "हे आपणच का?" असं विचारण्याचा मला नियमानं अधिकार आहे. पण एकदा एका गृहस्थांनी फोटोकडे बराच वेळ निरखून पाहिलं आणि "बहुतेक" असं उत्तर दिलं, तेव्हापासून मी तो बजावत नाही.

तरी हा पासपोर्ट साइझचा फोटो हल्ली पाच मिनिटांत हातात पडतो. आमच्या लहानपणी फोटो स्टुडिओवर 'अर्जंट फोटो मिळतील' अशी पाटी असे. अर्जंट म्हणजे परवा संध्याकाळी. एकदम अर्जंट म्हणजे उद्या, पण लाइट असले तर. घरच्या फोटोंचा हिशेब तर आणखी निराळा. वडिलांकडे बडोद्याला तयार झालेला आग्फा क्लिक थ्री होता. त्याच्या एका रोलमध्ये बारा फोटो बसत, आणि ते बारा संपवायला आमच्या घराला दीड वर्ष लागे. रोल एका गणपतीत सुरू होई आणि पुढची एक होळी सोडून त्यानंतरची होळी उलटून गेल्यावर कधीतरी संपे. धुऊन आल्यावर पाहावं तर पहिल्या फोटोत मांडीवर असलेलं पोर बाराव्या फोटोत पिचकारी घेऊन उभं! मधल्या एका फोटोत नुसता खांदा आहे. तो कुणाचा, यावर आमच्या घरात अजून एकमत झालेलं नाही.

अशा घरात वाढलेल्या माणसाला त्याच्या अकरावीतल्या कन्येनं "बाबा, मला फोटो लगेच बाहेर येणारा कॅमेरा हवाय," असं सांगितलं तर त्यानं काय करावं? मी बी.कॉम. असल्यामुळे हिशेब केला. कन्येच्या मोबाइलमध्ये नऊ हजारांवर फोटो आहेत. खर्च शून्य. या नव्या कॅमेऱ्याच्या एका पाकिटात फोटो निघणार दहा. आकार एटीएम कार्डाएवढा. एकेक फोटो पडणार साठ-सत्तर रुपयांना. बिघडला तर पुसायची सोय नाही, आवडला तर दुसरी प्रत नाही.

"म्हणजे जास्त पैसे देऊन कमी माल," मी म्हटलं.

"बाबा, तुम्हाला नाही कळणार."

आमच्या घरात या वाक्यानंतर चर्चा थांबते आणि खरेदी होते. कॅमेरा आला. जपानच्या फुजी कंपनीचा इन्स्टॅक्स, फिकट जांभळा, दिसायला साबणाच्या डबीसारखा. पाठोपाठ फिल्मची पाकिटं आली आणि ती फ्रिजमध्ये गेली, कारण फिल्म थंड जागी टिकते म्हणे. सुरमईच्या शेजारी फोटो ठेवायचे की फोटोंच्या शेजारी सुरमई, आणि वास कुणाचा कुणाला लागणार, यावर आमच्या हिनं दोन दिवस काढले.

नाही कळणार म्हटल्यावर कळून घेणं भाग पडलं. दोन-तीन महिने मिळेल ते वाचलं. वाचता वाचता लक्षात आलं, की लेन्स, रसायनं, कागद ही सगळी वरवरची बाब आहे. फोटोच्या सगळ्या इतिहासात भांडण एकच: प्रत कुणाच्या हातात राहणार? आमच्या भाषेत, खातेवही कुणाच्या ताब्यात?

१८३९ साली फ्रान्समध्ये दाग्येरनं जो फोटो जगापुढे मांडला तो चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उमटायचा. त्याला निगेटिव्ह नव्हती, प्रती नव्हत्या. पत्रा एक, फोटो एक, मालक एक. मुंबईत १८५२ साली ग्रँट रोडला असे फोटो काढून देण्याचा धंदा थाटला तो विल्यम जॉन्सन नावाच्या साहेबानं. हा गृहस्थ त्याआधी सरकारी कचेरीत कारकून होता हे वाचून मला भरून आलं. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. तिच्यात जॉन्सन होताच, पण आपले डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजीही होते. मांद्र्याच्या घरातले हे दोघे डॉक्टर, आणि त्यातल्या नारायणरावांना कॅमेऱ्याचा विशेष नाद. डॉक्टरांना आणि कारकुनांना एकाच वेळी लागलेलं असं वेड मुंबईत त्यानंतर क्रिकेटचंच.

एव्हाना निगेटिव्ह आली होती. एका निगेटिव्हवरून हव्या तेवढ्या प्रती. शोध मोठा, यात वाद नाही; पण खातेवही गेली फोटोवाल्याकडे. जॉन्सननं मुंबई इलाख्यातल्या जातीजमातींचे फोटो काढून १८६३ आणि १८६६ साली त्यांचे दोन खंड छापले. त्यात माणसं एकीकडे उभी करून टिपलेली, मागची दृश्यं दुसरीकडची, आणि दोन्ही एकमेकांना जोडलेली. आज लग्नाच्या अल्बममध्ये नवरा-नवरीच्या मागे स्वित्झर्लंड लावतात, त्या कलेचे हे आद्य पुरुष. हे खंड मोठमोठ्या ग्रंथालयांत जपून ठेवलेले आहेत. फोटोतल्या माणसांपैकी कुणी एखादी प्रत घरी नेली असेल, असं मला काही वाटत नाही.

ही तक्रार आमच्या खारदांड्याला चांगली परिचयाची आहे. दांडा म्हणजे पाली हिल आणि कार्टर रोडच्या बंगल्यांच्या कुशीला बिलगलेला कोळीवाडा. गाव जुनं, गल्ल्या अरुंद, समोर समुद्र आणि वाऱ्यावर बोंबलांच्या वलांड्या. असं दृश्य दिसल्यावर कॅमेरेवाला माणूस स्वतःला आवरू शकत नाही. दर रविवारी कुणी ना कुणी येतो. होडी टिपतो, जाळं टिपतो, टोपली टिपतो, आणि मासळीवाल्या बाईला "काकू, इकडे न बघता बघा" असं सांगतो. माझ्या शेजारच्या मावशींनी खारच्या बाजारात चाळीस वर्षं मासळी विकली. त्यांच्या अंदाजानं त्यांचे शे-दोनशे फोटो जगात कुठं कुठं फिरत असतील. घरात किती? "नेतात सगले," मावशी म्हणतात, "देत कोन नाय."

देणारे फोटोवाले नव्हते असं नाही. जत्रेत, देवळाबाहेर, कचेऱ्यांच्या दारात तिपाईवर लाकडी खोका मांडून बसणारा 'मिनिट कॅमेरा'वाला आता जवळजवळ संपला; जयपूरला हवामहालासमोर एखादा उरला तर उरला. त्या खोक्याच्या पोटातच डार्करूम असे. बाजूच्या काळ्या बाहीतून फोटोवाला आत हात घाली, आणि आतल्या थाळ्यांत चाचपडत, न बघता, कागदावरची निगेटिव्ह धुऊन काढी. मग ती निगेटिव्ह लेन्ससमोर टांगून तिचाच पुन्हा फोटो. काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं, आणि झाला माणूस तयार! शेवटी बादलीत बुचकळून ओलाचिंब फोटो हातात. 'मिनिट' या शब्दाचा अर्थ आपल्याकडे नेहमीच सैल. पण गिऱ्हाईक उभं असतानाच फोटो त्याचा झालेला असे. झटपट फोटोचा शोध अमेरिकेत लागला असं मानणाऱ्यांनी या बादलीला एकदा नमस्कार करावा.

अर्थात झटपटपणा हाच मोठेपणा, असंही मानायचं कारण नाही. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली कुंडीत वाटाण्याचं बी पेरलं आणि रोज थोडं थोडं असं जवळजवळ महिनाभर त्याचं चित्रण केलं. 'अंकुराची वाढ' नावाची ती मिनिटभराची फिल्म पाहून यशवंत नाडकर्णी या फोटोसामानाच्या व्यापाऱ्यानं त्यांना भांडवल दिलं, आणि त्यातून पुढे 'राजा हरिश्चंद्र' उभा राहिला. वाटाणा तारण ठेवून मिळालेलं एवढं मोठं कर्ज बँकिंगच्या इतिहासात दुसरं नसेल. आमच्याकडे आज कुणी कुंडी घेऊन आला तर शिपाईच त्याला बाहेर बसवील.

आता अमेरिका. एडविन लँड हा माणूस हार्वर्डचं शिक्षण अर्धवट सोडून प्रकाशाच्या मागे लागलेला. पोलरॉइड कंपनी त्यानं १९३७ साली काढली ती चकाकी मारणाऱ्या काचांसाठी, गॉगलसाठी. डिसेंबर १९४३ मध्ये सांता फे या गावी सुटीवर असताना त्यानं आपल्या तीन वर्षांच्या लेकीचा फोटो काढला. लेकीनं विचारलं, फोटो आत्ता का नाही दिसत? कोणत्याही मराठी बापानं "गप बस, रोल अजून संपायचाय" असं सांगून विषय मिटवला असता. लँड फिरायला निघाला आणि तासाभरात कॅमेरा, फिल्म आणि रसायनं या सगळ्याचा आराखडा त्यानं डोक्यात तयार केला, असं तो पुढे सांगत असे. २१ फेब्रुवारी १९४७ रोजी न्यूयॉर्कमध्ये शास्त्रज्ञांच्या सभेत त्यानं मिनिटभरात फोटो काढून दाखवला. २६ नोव्हेंबर १९४८ ला बोस्टनच्या जॉर्डन मार्श या दुकानात पहिला कॅमेरा विकायला आला. किंमत ८९ डॉलर ७५ सेंट. आणलेला सगळा माल त्या एका दिवसात संपला.

युक्ती अशी. फोटोच्या कडेला रसायनाची एक इवलीशी पुडी असते. फोटो दोन रुळांमधून बाहेर येताना ती फुटते आणि रसायन लाटण्यानं लाटल्यासारखं सगळीकडे सारखं पसरतं. सुरुवातीला वरचा कागद सोलून काढावा लागे. १९७२ सालच्या एसएक्स-७० या कॅमेऱ्यानं ती कटकटही मिटवली. घर्र आवाज करत पांढरी चौकट बाहेर येई आणि उजेडात, डोळ्यांदेखत, धुक्यातून बाहेर यावं तसं चित्र उमटे. जुने ओले फोटो लोक वाळवायला हलवीत, ती सवय पुढेही गेली नाही. २००३ साली एका अमेरिकन गाण्यात हा फोटो हलवा म्हटलं, आणि सगळ्या जगानं हलवला. शेवटी २००४ मध्ये कंपनीलाच सांगावं लागलं, की बाबांनो, हलवू नका, बिघडतो.

आता वाणिज्य शाखेच्या नजरेनं पाहा. मोबाइलमधले फोटो म्हणजे खात्यावरची शिल्लक. आकडा मोठा, पण हात लावता येत नाही. निगेटिव्हवाला फोटो म्हणजे पासबुक. खरी नोंद दुसऱ्याच्या खातेवहीत. आणि हा झटपट फोटो म्हणजे रोकड. ज्याच्या हातात, त्याची. हरवली तर गेली, वाळवी लागली तर गेली, पण आहे तोवर कुणाची सही लागत नाही. लँडसाहेबाला रोकडीचं मर्म पुरतं कळलं होतं. कॅमेरा एकदाच विकायचा आणि फिल्म जन्मभर. कोडॅकनंही १९७६ साली या धंद्यात हात घातला तेव्हा पोलरॉइडनं सरळ कोर्टात खेचलं. दहा वर्षांनी, जानेवारी १९८६ मध्ये, कोडॅकला दुकान आवरावं लागलं आणि १९९१ मध्ये ९२ कोटी ५० लाख डॉलर मोजावे लागले. तोवर विकलेले कोडॅकचे दीड कोटींवर झटपट कॅमेरे फिल्मवाचून घराघरांत शोभेला उरले.

शोभेला उरलेला एक कॅमेरा आमच्या दांड्यातही होता, पण पोलरॉइडचा. १९८७ साली मावशींचे भाऊ बहारीनहून सुटीवर आले ते हा कॅमेरा घेऊन. सोबत फिल्मचं पाकीट एकच. फोटो दहा. मी तेव्हा सहा वर्षांचा होतो, त्यामुळे पुढची हकिगत निम्मी पाहिलेली आणि निम्मी ऐकलेली आहे.

पाकीट आत सरकवल्याबरोबर कॅमेरा गुरगुरला आणि त्यातून एक काळं कार्ड बाहेर पडलं. हे फिल्मवरचं झाकण असतं. पण ते कुणाला माहीत? जमलेल्या पन्नास-साठ मंडळींनी तो अमावास्येचा फोटो आहे असं मानून तासभर त्याच्यात माणसं शोधली. एका आजोबांना त्यात स्वतःचं घर दिसलंही. मग खरे दहा सुरू झाले. पहिला छताचा आला, कारण भाऊ बटण कुठं आहे ते दाखवत होते. दुसरा देवीचा. तो देवीच्या आधी पुजाऱ्यांचा निघाला. देवी त्यांच्या कानामागे थोडी दिसते. तिसरा भावांच्या आईचा. त्या फोटोत डोळे मिटलेल्या आहेत, कारण फ्लॅश उडाल्याबरोबर त्यांनी रामनाम घेतलं. चौथा वाड्यातल्या झाडून सगळ्या पोरांचा. मी त्यात आहे, असं आई सांगते. वेशीवरचा तो फोटो कुणी, कधी नेला याचा पत्ता नाही.

उरले सहा. इथून पुढे मात्र प्रकरण गंभीर झालं. लग्न ठरलेल्या मुली होत्या, गल्फला जाणारी पोरं होती, आणि ज्यांचा जन्मात फोटो निघाला नव्हता अशी म्हातारी माणसं होती. संध्याकाळी बैठक बसली. एकेका फोटोवर एवढी चर्चा झाली, की आमच्या बँकेत कोटीच्या कर्जावर होत नाही. आठवा फोटो नारळी पौर्णिमेला निघाला. सजवलेली होडी, तिच्या नाळेवर हात ठेवून उभे असलेले मावशींचे यजमान, अंगात नवा पांढरा सदरा, आणि तोंडावर आपण होडीचे मालक आहोत याचा पुरता भरवसा. चार वर्षांनी ते गेले. त्यांचा दुसरा फोटो नाही.

भाऊ परत गेले. तशी फिल्म तेव्हा इथं सहजी मिळत नव्हती, आणि मिळाली तरी घेणार कोण? कॅमेरा मावशींच्या शोकेसमध्ये ताजमहालाच्या शेजारी बसला. दर दसऱ्याला त्याच्यावर झेंडूचं फूल चढे. मुंबईच्या दिलीश पारेख यांनी ४,४२५ जुने कॅमेरे जमवून गिनीज बुकात नाव नोंदवलं. मावशींनी एकच जपला, पण पूजा करून.

इकडे कंपनीचीच घरघर सुरू झाली होती. डिजिटल कॅमेरे आले, २००१ साली पोलरॉइडनं दिवाळं काढलं आणि फेब्रुवारी २००८ मध्ये फिल्म कायमची बंद करत असल्याचं जाहीर केलं. जून महिन्यात नेदरलँड्समधल्या एन्स्खेडे गावच्या कारखान्यात निरोपाचा समारंभ झाला. यंत्रं भंगारात निघायची होती. त्या समारंभात व्हिएन्नाचा फ्लोरियन काप्स नावाचा एक वेडा आणि कारखान्याचा आंद्रे बोस्मान नावाचा एक शहाणा यांची गाठ पडली. दोघांनी पैसे उभे केले, ३१ लाख डॉलरला यंत्रं घेतली आणि दहा जुने कामगार हाताशी धरले. प्रकल्पाचं नाव ठेवलं 'इम्पॉसिबल'. नाव सार्थ होतं, कारण जुनी रसायनं बनवणारेच उरले नव्हते. फिल्म नव्यानं शोधावी लागली. मार्च २०१० मध्ये ती आली तेव्हा फोटो कधी फिका येई, कधी पिवळा पडे, कधी त्यावर बुरशीसारखी नक्षी उठे. उजेड लागला तर संपलाच. पण शौकीन मंडळी अशी, की तिप्पट दाम देऊन ती बुरशी कौतुकानं चौकटीत लावू लागली. डाग पडलेला सदरा परत करायला जाणाऱ्या मध्यमवर्गीय माणसाला हे समजणं कठीण आहे. पण त्यांच्या पैशावरच कारखाना तगला आणि फिल्म सुधारत गेली. २०१७ साली या मंडळींकडे पोलरॉइडचं नावही आलं, आणि २०२० पासून ते पुन्हा पोलरॉइड या नावानंच फिल्म विकतात. जपानात फुजीची तीच तऱ्हा. १९९८ साली निघालेला इन्स्टॅक्स चारच वर्षांत वर्षाला दहा लाख खपू लागला, मग साफ कोसळला. पुढे कोरियातल्या टीव्ही मालिकांतून तो तरण्या पोरींच्या हातात दिसू लागला आणि २०१८च्या आर्थिक वर्षात एक कोटीवर गेला. त्यातला एक नंतर आमच्या घरी आला.

सगळ्यात मौजेची गोष्ट पुढेच आहे. हा काप्स मूळचा जीवशास्त्राचा डॉक्टर, आणि त्याचा विषय कोळी! कोळ्यांच्या डोळ्यांच्या स्नायूंवर त्यानं संशोधन केलेलं. हे मी मावशींना मोठ्या उत्साहानं सांगायला गेलो.

"मावशी, हा कारखाना ज्यानं वाचवला ना, त्यानं कोळ्यांचा अभ्यास केलाय. डोळ्यांचा."

मावशींना जराही नवल वाटलं नाही. "कोल्याचाच करनार," त्या म्हणाल्या. "समिंद्रावर पार लांबचं दिसतंय आमाला." भिंतीवरच्या आठ पायांच्या कोळ्याचा विषय मी मग काढलाच नाही.

आमच्या कन्येला शोकेसमधल्या कॅमेऱ्याचा सुगावा लागायला वेळ लागला नाही. नवी फिल्म या जुन्या कॅमेऱ्यात चालते, आणि बॅटरी कॅमेऱ्यात नसून फिल्मच्या पाकिटातच असते, हे तिनंच मला सांगितलं. म्हणजे इतकी वर्षं झेंडूखाली बसलेला हा ऐवज मेलेला नव्हताच, नुसता उपाशी होता. तिनं पाकीट मागवलं. आता दहा नाहीत, आठच फोटो येतात, आणि एकेक दोनशे रुपयांच्या वर पडतो. हा आकडा मी हिला सांगितलेला नाही. हा लेख ती वाचेल तेव्हा बघू.

एवढा खर्च कशासाठी, तर यजमानांचा तो आठवा फोटो पिवळा पडत चालला होता. आकाश तर कधीच चहाच्या रंगाचं झालं होतं. कन्या मावशींना म्हणाली, की द्या, मोबाइलवर पटकन कॉपी करते, हव्या तेवढ्या प्रती निघतील. मावशींनी फोटो पदराआड घेतला. "तुज्या मोबाइलमदी ऱ्हाईल. मंग तो तुजा झाला. मना काय ऱ्हायलं?" आमच्या शाखेतल्या कुठल्याही अधिकाऱ्याला मालकी हक्काची याहून सोपी व्याख्या करता आली नसती. कन्येकडे उत्तर नव्हतं. मला वाटतं, नऊ हजार फोटोंची मालकीण असून आपल्या हातात एकही नाही, हे तिला त्याच दिवशी नीट कळलं.

शेवटी तोडगा मावशींनीच काढला. नवा फोटो त्यांचा काढायचा, हातात जुना फोटो धरून, आणि निघाला की तिथल्या तिथं त्यांच्या हातात द्यायचा. रविवारी सकाळी वाडा पुन्हा जमला. पाकीट आत गेलं, कॅमेरा गुरगुरला आणि काळं कार्ड बाहेर पडलं. "अवसेचा फोटू!" असा एकच गलका झाला, सत्याऐंशी सालची दोन-चार माणसं अजून शिल्लक आहेत. मावशी नवं लुगडं नेसून, नाकात नथ घालून वलांडीपुढे उभ्या राहिल्या. फ्लॅश उडाला. घर्र आवाज झाला. कन्येनं फोटो उपडा करून सावलीत ठेवला आणि पंधरा मिनिटं कुणी हात लावायचा नाही, हलवायचा नाही, असं बजावलं. मासळीचा लिलाव ऐकायला जमावं तसे सगळे त्या पांढऱ्या कागदाभोवती उकिडवे बसलो. कुणीही मोबाइल काढला नाही. काढला असता तर मावशींनी तो समुद्रात टाकला असता, ही भीती असेल.

फोटो छान आला. मावशी आल्या, नथ आली, मागचे बोंबील आले. फक्त हातातल्या जुन्या फोटोवर फ्लॅशचा उजेड पडून तिथं नुसता पांढरा चौकोन उमटला होता. होडी नाही, सदरा नाही, काही नाही. कन्येचं तोंड उतरलं. "मावशी, सॉरी हं. अजून सात आहेत, फ्लॅश झाकून दुसरा काढू या."

मावशींनी फोटो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. "आनि कशाला?" त्या म्हणाल्या. "मी धरलाय ना त्याला? दिसतंय की." आणि उरलेले सात त्यांनी वाड्यातल्या सात म्हाताऱ्यांना वाटून टाकले. त्यासाठी बैठक बसवली नाही.

परवा सोमवारी मावशी पासबुक भरून घ्यायला आमच्या शाखेत आल्या. दोन्ही फोटो पासबुकाच्या प्लॅस्टिकच्या कव्हरात होते. छापायच्या मशीनमध्ये पासबुक घालण्याआधी त्यांनी ते बाहेर काढले आणि मशीनची घरघर थांबेपर्यंत डाव्या हातात घट्ट धरून ठेवले. मी म्हटलं, "द्या मावशी, मी धरतो." त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं, आणि मी पुढचं टोकन पुकारलं.